वादळग्रस्त छप्पर आणि प्रकल्पग्रस्त जमीन

९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री मिल्टन नावाचे चक्रीवादळ अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावर आदळले. तेथील सेंट पीटर्सबर्ग या शहरात ‘ट्रॉपिकाना फील्ड’ नावाचे बेसबॉलचे बंदिस्त मैदान आहे. टँपा बे रेज या व्यावसायिक संघाचे ते १९९८ पासूनचे घर. पोलादी दोरखंडांवर तोललेले आणि काचतंतूंच्या पांढऱ्या अर्धपारदर्शक कापडाने मढवलेले त्याचे घुमटाकार छप्पर त्या रात्री फाटले. छपराच्या २४ भागांपैकी १८ उडून गेले किंवा चिंध्या होऊन लोंबत राहिले. मदतकार्यासाठी येणाऱ्या सुमारे १०,००० कर्मचाऱ्यांच्या मुक्कामाची सोय याच मैदानात करण्याचे ठरले होते आणि हिरवळीवर खाटांच्या रांगा मांडून झाल्या होत्या. वादळापूर्वी तो तळ दुसरीकडे हलवला गेला म्हणून अनर्थ टळला. दुसऱ्या दिवशीच्या छायाचित्रांत फाटलेल्या घुमटातून मैदानावर सरळ ऊन उतरलेले दिसत होते.

त्या दिवसापासून एक वाद सुरू झाला. हे मैदान दुरुस्त करावे की पाडावे? संघाने येथेच राहावे की खाडीपलीकडच्या टँपा शहरात जावे? नव्या मैदानाचा खर्च कोणी करावा? गेल्या दीड वर्षात आम्ही या वादाविषयी जे जे वाचले, त्यातील बहुतेक लेखन छप्पर, करार आणि तिकिटे या तीन गोष्टींभोवती फिरताना दिसले. आमच्या मते या वादातील मुख्य प्रश्न छपराचा नसून त्याखालील जमिनीचा आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रश्नात लक्ष का घालावे, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल अशी आशा आहे.

प्रथम खेळाविषयी थोडेसे, कारण आपल्याकडे बेसबॉल फारसा परिचित नाही. क्रिकेटमध्ये फलंदाज दोन टोकांमध्ये धावतो. बेसबॉलमध्ये तो ‘होम प्लेट’ नावाच्या एका पांढऱ्या पट्टीपासून निघतो, वाटेतील तीन थांबे ओलांडतो आणि जिथून निघाला तिथे परत पोहोचला की धाव पूर्ण होते. म्हणजे धाव मिळवणे याचा अर्थ घरी परतणे. मैदानावर उभे असलेले नऊ प्रतिस्पर्धी त्याला घरी पोहोचू न देण्यासाठी खेळत असतात. या रचनेकडे साहित्याच्या दृष्टीने पाहणारा एक मोठा अभ्यासक अमेरिकेत होऊन गेला. बार्टलेट जियामाटी हे प्रबोधनकालीन काव्याचे प्राध्यापक. महाकाव्यातील नंदनवनाच्या कल्पनेवरचा त्यांचा ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ते येल विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि १९८९ मध्ये अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचे आयुक्त. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. बेसबॉल ही घरी परतण्याची कथा आहे, ओडिसियसचा प्रवास या खेळात दररोज नव्याने घडतो, असा त्यांचा विचार होता. खेळाचे मैदान म्हणजे गजबजलेल्या शहराच्या मध्यभागी राखलेले एक हिरवे नंदनवन, असेही ते मानत.

हा विचार मोहक आहे. आम्हालाही तो पहिल्या वाचनात फार आवडला होता. परंतु नंदनवनाची कल्पना शिकवताना आपण विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारतो, तो इथेही विचारला पाहिजे. ही बाग लावण्यापूर्वी या जागी कोण राहत होते?

सेंट पीटर्सबर्गच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर अवघड नाही. दस्तोयव्हस्कीच्या वाचकांना हे नाव ऐकून नेव्हा नदीकाठचे शहर आठवेल. संबंध खराच आहे. येथे लोहमार्ग आणणारा पीटर डेमेन्स हा रशियन गृहस्थ होता आणि त्याने आपल्या देशातील शहराचे नाव या नव्या वसाहतीला दिले. या लोहमार्गाच्या बांधकामावर काम करण्यासाठी आलेल्या कृष्णवर्णीय मजुरांनी शहरात आपल्या वस्त्या केल्या. त्या जुन्या वस्त्यांच्या परिसरातच ‘गॅस प्लँट’ हा मोहल्ला वाढला. वायू साठवण्याच्या दोन प्रचंड टाक्यांवरून त्याला हे नाव पडले. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांनी शहरात कुठे राहावे, कुठे दुकान थाटावे यावर कडक बंधने होती. त्यामुळे या मोहल्ल्यात मजूर, शिक्षक, न्हावी, दुकानदार, धर्मोपदेशक सारे शेजारी शेजारी राहत. घरे जुनी होती आणि गरिबीही होती. परंतु तेथे चर्च होती, खाणावळी होती आणि माणसे एकमेकांना नावाने ओळखत होती.

१९७० च्या दशकात महामार्गाने या भागाचे लचके तोडले. त्या दशकाच्या अखेरीस शहराने मोहल्ल्याच्या पुनर्विकासाची योजना मांडली. येथे उद्योगवसाहत उभी राहील, नोकऱ्या येतील, परवडणारी घरे होतील, असे रहिवाशांना सांगण्यात आले. शेकडो कुटुंबे उठवली गेली, चर्च हलवली गेली, दुकाने बंद झाली, वायूच्या टाक्याही पाडल्या गेल्या. मग योजना बदलली. उद्योगवसाहतीऐवजी मैदान बांधायचे ठरले. १९८६ मध्ये काम सुरू झाले आणि १९९० मध्ये सुमारे १३ कोटी ८० लाख डॉलर खर्चून घुमट उभा राहिला. त्या वेळी शहराकडे बेसबॉलचा संघच नव्हता. शिकागोचा व्हाइट सॉक्स संघ येईल ही आशा १९८८ मध्येच मावळली होती. सॅन फ्रान्सिस्कोचा जायंट्स संघ १९९२ मध्ये येता येता राहिला. काही वर्षे घुमटाखाली आइस हॉकी खेळली गेली. अखेर १९९८ मध्ये शहराला स्वतःचा संघ मिळाला. ज्या संघासाठी माणसे उठवली गेली, तो संघ घुमट बांधून झाल्यावर आठ वर्षांनी मैदानात उतरला. उद्योगवसाहत तर आलीच नाही.

या मोहल्ल्याच्या लोकांचा बेसबॉलशी असलेला जुना संबंधही येथे नोंदवला पाहिजे. फ्लोरिडाच्या उबदार हवेमुळे उत्तरेकडील संघ वसंत ऋतूत सरावासाठी येथे येत. संघातील गोरे खेळाडू हॉटेलांत उतरत आणि कृष्णवर्णीय खेळाडूंना त्या हॉटेलांत प्रवेश नसे. त्यांची सोय शहरातील कृष्णवर्णीय कुटुंबांना करावी लागे. डॉ. राल्फ विंबिश हे तेथील प्रतिष्ठित कृष्णवर्णीय डॉक्टर आणि नागरी हक्कांच्या चळवळीतील कार्यकर्ते वर्षानुवर्षे ही व्यवस्था पाहत होते. न्यूयॉर्क यांकीज संघाचा एल्स्टन हॉवर्ड त्यांच्या घरी उतरत असे. १९६१ मध्ये डॉ. विंबिश यांनी जाहीर केले की यापुढे आपण ही सोय करणार नाही, संघांनी आपल्या सर्व खेळाडूंना एकाच छपराखाली ठेवावे. त्याच वर्षी सेंट लुइस कार्डिनल्सचा बिल व्हाइट याने केवळ गोऱ्या खेळाडूंना बोलावलेल्या एका न्याहारीविरुद्ध आवाज उठवला. म्हणजे या शहरात बेसबॉलला घर देण्याचे काम कृष्णवर्णीय लोकांनी आधी केले होते. पुढे बेसबॉलला घर देण्यासाठी त्यांचीच घरे घेतली गेली.

आपल्या भाषेत ‘ग्रस्त’ हे उत्तरपद आपण दोन प्रकारे वापरतो. वादळग्रस्त, पूरग्रस्त, भूकंपग्रस्त असे शब्द आपल्याकडे आहेत, आणि त्यांच्याच शेजारी ‘प्रकल्पग्रस्त’ हाही शब्द आहे. धरणासाठी किंवा कारखान्यासाठी ज्याची जमीन गेली त्याला महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्ताचा दाखला मिळतो. त्या दाखल्याचे पुढे काय होते हा स्वतंत्र आणि बहुधा दुःखद विषय आहे. परंतु निदान भाषेने एक गोष्ट मान्य केलेली आहे. वादळाने जसे माणसाला ग्रासले जाते, तसेच शासनाच्या योजनेनेही ग्रासले जाते, आणि दोन्ही बाबतींत नुकसानीची भरपाई करण्याची जबाबदारी उरते. सेंट पीटर्सबर्गच्या वादात नेमका हाच विवेक हरवलेला आम्हाला दिसतो. ट्रॉपिकाना फील्डची इमारत वादळग्रस्त आहे. तिच्याखालील जमीन ४० वर्षांपूर्वीपासून प्रकल्पग्रस्त आहे. पहिल्या नुकसानीचा अंदाज थोड्याच आठवड्यांत आला: दुरुस्तीसाठी ५ कोटी ५७ लाख डॉलर. दुसऱ्या नुकसानीचा हिशेब मात्र सदैव पुढच्या प्रकल्पाशी बांधून ठेवण्यात आला.

हा हिशेब कसा बांधला गेला ते पाहण्यासारखे आहे. जुलै २०२४ मध्ये, म्हणजे वादळाच्या तीन महिने आधी, शहर आणि पिनेलस काउंटी यांनी एका मोठ्या कराराला मान्यता दिली. जुन्या घुमटाजवळच १३० कोटी डॉलरचे नवे मैदान उभे राहायचे होते. त्यातील सुमारे ६० कोटी सार्वजनिक पैसा होता. मैदानाभोवतीच्या ८६ एकर जागेत घरे, दुकाने, कचेऱ्या असा ६५० कोटींचा पुनर्विकास योजलेला होता. या परिसराला ‘ऐतिहासिक गॅस प्लँट’ असे जुने नाव परत देण्यात आले. परवडणारी घरे, कृष्णवर्णीय समाजासाठी संग्रहालय, लहान व्यवसायांना साहाय्य अशा गोष्टींसाठी सुमारे ५ कोटी डॉलर ठेवण्याचे वचनही त्यात होते. ४० वर्षांपूर्वीच्या वचनाची ही उशिरा केलेली पूर्तता म्हणून अनेकांनी तिचे स्वागत केले. आम्ही त्यांचा दोष मानत नाही. दुसरा मार्ग त्यांच्यापुढे कोणी ठेवलाच नव्हता.

मग वादळ आले. त्याच्या दोन आठवडे आधी हेलेन चक्रीवादळाच्या वेळी समुद्र शहरात शिरला होता आणि हजारो घरांचे नुकसान झाले होते. मिल्टननंतर कळले की शहराने त्याच वर्षी मैदानाचा विमा १० कोटी डॉलरवरून अडीच कोटींवर आणला होता आणि त्यातही पहिल्या २ कोटी २० लाखांचे नुकसान शहरानेच सोसायचे होते. छप्पर ताशी १८५ किलोमीटरच्या वाऱ्याला टिकेल असे बांधले होते. शहरात नोंदलेले सोसाटे त्याहून कमी वेगाचे होते, परंतु कापड ३४ वर्षांचे होते. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी नगर परिषदेने दुरुस्तीसाठी पैसा मंजूर केला आणि त्याच दिवशी तो निर्णय फिरवला. ज्यांच्या दिवाणखान्यात समुद्राचे पाणी शिरले होते अशा नागरिकांना, आधी मैदान का, हा प्रश्न पडणे साहजिक होते. काउंटीने कर्जरोख्यांवरचे मतदान पुढे ढकलले. संघाने विलंबामुळे खर्च वाढल्याची तक्रार केली. काउंटीने डिसेंबरमध्ये मान्यता दिली खरी, परंतु १३ मार्च २०२५ रोजी संघाचे मालक स्टुअर्ट स्टर्नबर्ग यांनी करारातून माघार घेतली.

मैदान गेले, त्याबरोबर घरेही गेली, संग्रहालयही गेले, आणि ४० वर्षांपूर्वीच्या वचनाची पूर्तता पुन्हा अनिश्चित झाली. संघाचे मात्र फारसे बिघडले नाही. २०२५ चा हंगाम तो टँपामध्ये यांकीजच्या सरावाच्या मैदानावर, सुमारे ११,००० प्रेक्षकांपुढे खेळला. २००४ मध्ये सुमारे २० कोटी डॉलरना घेतलेला हा संघ स्टर्नबर्ग यांनी २०२५ च्या शरदात, प्रसिद्ध झालेल्या आकड्यानुसार, सुमारे १७० कोटींना विकला. नवे मालक पॅट्रिक झॅलुप्स्की हे घरबांधणीच्या व्यवसायातील. अटलांटाच्या धर्तीवर मैदान आणि त्याभोवती घरे, दुकाने, कचेऱ्या अशी नवी नगरी वसवण्याचा मनोदय त्यांनी बोलून दाखवला. इकडे शहराने करारातील कलमानुसार जुन्या घुमटाची दुरुस्ती २०२६ चा हंगाम डोळ्यांपुढे ठेवून हाती घेतली. वादळाने एक हंगाम बुडवल्यामुळे संघाच्या वास्तव्याची मुदत २०२७ वरून २०२८ वर गेली. म्हणजे काही वर्षांत पाडायच्या वास्तूवर कोट्यवधी डॉलर खर्च होतात, कारण तसे कागदावर लिहिलेले आहे. उठवलेल्या माणसांना दिलेले वचन असे कागदावर बांधून घेतलेले नव्हते.

साहित्याचा अभ्यासक येथे काय भर घालू शकतो? दोन लेखकांच्या आधाराने आम्ही ते सांगू इच्छितो.

पहिली लेखिका फ्लोरिडाचीच. झोरा नील हर्स्टन यांचे बालपण या राज्यातील ईटनव्हिल या कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या गावात गेले. त्यांच्या ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ (१९३७) या कादंबरीच्या उत्तरार्धात १९२८ च्या चक्रीवादळाचे वर्णन आहे. ओकीचोबी सरोवराचा बांध फुटला आणि अडीच हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांतील बहुतेक कृष्णवर्णीय शेतमजूर होते. कादंबरीचा नायक टी केक याला बंदुकीच्या धाकाने प्रेते पुरायला लावले जाते. गोऱ्या प्रेतांसाठी लाकडी पेट्या आणि काळ्यांसाठी एकच सामायिक खड्डा, म्हणून कुजलेल्या देहांचा वर्ण तपासण्याची आज्ञा होते. वर्गात हा भाग शिकवताना आम्ही एक गोष्ट आवर्जून सांगतो. हर्स्टन वादळाला दोष देत नाहीत. वादळ सगळ्यांना सारखेच मारते. भेद सुरू होतो तो वादळ ओसरल्यावर, कोणाला काय मिळायचे हे माणसे ठरवू लागतात तेव्हा. हर्स्टन स्वतः १९६० मध्ये वारल्या तेव्हा त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड नव्हता. तो १९७३ मध्ये ॲलिस वॉकर यांनी बसवला. ट्रॉपिकाना फील्डच्या मोटारतळाखाली २०२१ मध्ये रडारने पाहणी झाली, तेव्हा तेथेही थडगी असण्याची शक्यता दाखवणाऱ्या खुणा आढळल्या. त्या जागी पूर्वी दफनभूमी होत्या. तीन दशके प्रेक्षक त्यांच्यावर मोटारी उभ्या करून सामना पाहायला जात होते.

दुसरा लेखक ऑगस्ट विल्सन. त्यांचे ‘फेन्सेस’ हे नाटक १९८७ च्या पुलित्झर पारितोषिकामुळे आपल्याकडेही काही अभ्यासक्रमांत शिरले आहे. त्याचा नायक ट्रॉय मॅक्सन तरुणपणी कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमध्ये बेसबॉल खेळलेला, आणि १९५७ मध्ये कचरा उचलण्याचे काम करणारा. दारे उघडली तोवर त्याचे वय निघून गेले होते. या नाटकाची चर्चा सहसा बाप आणि मुलगा यांच्या संघर्षावर थांबते. विल्सन ज्या पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्टमध्ये वाढले, त्या वस्तीचा खालचा भाग १९५० च्या दशकात पाडण्यात आला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हजारो माणसे उठवून तेथे १९६१ मध्ये उघडझाप करणाऱ्या छपराचे ‘सिव्हिक अरिना’ हे घुमटाकार क्रीडागृह उभे राहिले. मॅक्सन आपल्या अंगणाला कुंपण घालत असतो त्या वर्षी त्याच वस्तीच्या दुसऱ्या टोकाला घरे पाडण्याचे काम चालू होते. हे कळल्यावर त्या कुंपणाचा अर्थ पालटतो. पुढे तो घुमटही जुना ठरला आणि २०१२ पर्यंत पाडला गेला. त्यानंतर ती जागा वर्षानुवर्षे बहुतांशी मोटारतळ म्हणून पडून राहिली. सेंट पीटर्सबर्गच्या लोकांनी आपले भविष्य पाहायचे असेल तर ते पिट्सबर्गमध्ये पाहावे. लॉस एंजेलिसमध्ये चावेझ रवीन या मेक्सिकन कुटुंबांच्या वस्तीच्या जागी असेच घडले. सार्वजनिक घरकुलांसाठी म्हणून लोक उठवले गेले आणि १९६२ मध्ये त्या जागी बेसबॉलचे मैदान उघडले.

आमच्या या प्रतिपादनावर काही आक्षेप येतील. ते आम्हाला निरर्थक वाटत नाहीत.

पहिला आक्षेप असा की मैदान हीसुद्धा शहराची स्मृती असते. २००८ मध्ये तळाशी असणारा हा संघ याच घुमटाखाली विश्वमालिकेपर्यंत पोहोचला. २८ सप्टेंबर २०११ च्या रात्री इव्हान लाँगोरियाने बाराव्या डावात मारलेल्या फटक्याने संघाला शेवटच्या क्षणी पुढच्या फेरीत नेले. त्या रात्री तेथे बसलेल्या बापलेकींसाठी ही जागा पवित्र आहे. हे आम्ही मान्य करतो. २००५ मध्ये कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये हजारो निराधार माणसे अडकली होती. तेच क्रीडागृह २५ सप्टेंबर २००६ रोजी पुन्हा उघडले तेव्हा शहराला मिळालेले बळ खोटे नव्हते. परंतु त्या दिवशी लोअर नाइन्थ वॉर्डमधील कितीतरी घरे रिकामीच होती, हेही तितकेच खरे आहे. स्मृतीचा मान राखायचा तर दोन्ही स्मृतींचा राखावा लागेल. प्रेक्षकाची स्मृती जपण्यासाठी कोट्यवधी डॉलर आणि रहिवाशाच्या स्मृतीसाठी केवळ एक नावाची पाटी, ही वाटणी न्याय्य नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. संघ गेला तर रोजगार जाईल, आणि रोजगार गेला तर जुन्या रहिवाशांनाच अधिक फटका बसेल. या युक्तिवादावर आम्ही अर्थशास्त्रज्ञ नसल्यामुळे अधिकाराने बोलू शकत नाही. तथापि मैदानांवर खर्च केलेला सार्वजनिक पैसा शहराला त्या प्रमाणात परत मिळत नाही, यावर या विषयाच्या बहुतेक अर्थशास्त्रज्ञांचे एकमत आहे. सेंट पीटर्सबर्गला तर स्वतःचाच अनुभव आहे. १९९० पासून घुमट तेथे उभा आहे आणि त्याच्या भोवतालच्या ८६ एकरांत मुख्यतः मोटारी उभ्या राहिल्या.

तिसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. उठवलेली पिढी वृद्ध झाली किंवा निवर्तली, तो मोहल्ला परत येणार नाही, मग आता कोणाला काय द्यायचे? या प्रश्नाने आम्हाला खरोखर अडवले. जे पाडले गेले ते पुन्हा बांधता येत नाही. नव्या प्रकल्पाला ‘ऐतिहासिक’ हे विशेषण लावल्याने इतिहास परत येत नाही, उलट काही वेळा त्या विशेषणाने कर्ज फिटल्याचा भास होतो. परंतु कर्ज घेणारा आणि देणारा मेल्याने कर्ज बुडते असे आपण इतर व्यवहारांत मानत नाही. ज्या शहराने १९८६ मध्ये बांधकाम सुरू केले ते शहर अस्तित्वात आहे. ज्यांची घरे गेली त्यांची मुले आणि नातवंडे त्याच शहरात भाड्याच्या घरांत राहत आहेत, आणि हेलेन-मिल्टननंतर ते भाडे देणे त्यांना अधिक कठीण झाले आहे.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. बेसबॉलच्या संघाचे भविष्य आणि गॅस प्लँटच्या लोकांचे देणे या दोन गोष्टी प्रथम वेगळ्या कराव्यात. संघ राहो, टँपाला जाओ अथवा देश सोडो, परवडणाऱ्या घरांचे आणि संग्रहालयाचे वचन त्यावर अवलंबून असता कामा नये. जमीन सार्वजनिक आहे. संघाने माघार घेतल्यानंतर तिच्यावर नवे विकासक दृष्टी ठेवून आहेत. त्यांच्यापैकी कोणालाही ती देण्यापूर्वी हे देणे त्याच बंधनकारक भाषेत लिहून घ्यावे ज्या भाषेत छपराच्या दुरुस्तीचे कलम लिहिलेले होते. मैदान बांधणाऱ्या वकिलांना ती भाषा उत्तम येते हे आपण पाहिलेच आहे. आणि मोटारतळाखालच्या खुणांचा शोध पूर्ण झाल्याशिवाय तेथे एकही पाया खोदू नये.

आम्ही हे दूरच्या एका शहराला सांगत आहोत आणि आमचे म्हणणे तेथे कोणी ऐकणार नाही, याची आम्हाला जाणीव आहे. आम्ही हे लिहितो ते आमच्या वर्गासाठी. कथा-कादंबरीतील ‘स्थळ’ शिकवताना आपण बहुधा वातावरणनिर्मिती, पार्श्वभूमी, प्रादेशिकता असे शब्द वापरून पुढे जातो. परीक्षेत पाच गुणांचा प्रश्न असतो आणि विद्यार्थी पाच गुणांचे उत्तर लिहितात. हर्स्टन आणि विल्सन वाचल्यानंतर तरी हे पुरेसे वाटू नये. स्थळ ही पार्श्वभूमी नसते. तिच्यावर कोणाचा तरी हक्क असतो, कोणाचा तरी हक्क मोडलेला असतो, आणि कथेतील पात्रे त्या मोडलेल्या हक्कावरच चालत असतात. जियामाटींनी सांगितलेली घरी परतण्याची गोष्ट खरी मानायची असेल, तर मैदानात धावणाऱ्या खेळाडूबरोबर मैदानाखालच्या घरांतून निघालेल्या माणसांनाही त्या गोष्टीत जागा दिली पाहिजे. ती माणसे १९८० च्या दशकात निघाली आहेत आणि अजून परतलेली नाहीत.

या वर्षी अमेरिकन साहित्याचा पेपर शिकवणाऱ्या मित्रांना आमची एक विनंती आहे. ‘फेन्सेस’ शिकवताना हिल डिस्ट्रिक्टचा १९५० पूर्वीचा आणि १९६१ नंतरचा नकाशा शेजारी शेजारी ठेवून पाहावा. विद्यार्थी कोणते प्रश्न विचारतात ते आम्हाला जरूर कळवावे.